पासंग

माझे सासरे तासगावात बेदाण्याचा व्यापार करत. दांडीची एक जुनी तागडी त्यांच्याकडे होती, ती आता माळ्यावर आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ओसरीतल्या हुकाला ती टांगलेली असायची. एका पारड्याच्या साखळीला फडक्यात गुंडाळलेला एक खडा बांधलेला होता. हे काय, म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "पासंग. पारडी रिकामी असली तरी सारखी नसतात, सूनबाई. एक आधीच झुकलेलं असतं. ते आधी बघायचं, मग माल टाकायचा."

तो खडा मला गेल्या जूनमध्ये आठवला, मिरजेहून एसटीनं परत येताना. पर्समध्ये नव्या गोळीची चिठ्ठी होती आणि ती सुरू करायची की नाही हे माझं ठरत नव्हतं.

मी ५६ वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते. मला आयजीए नेफ्रोपॅथी आहे. आपल्याच शरीरातली प्रतिपिंडं मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्यांमध्ये साचत जातात आणि गाळण्या हळूहळू निकामी होतात, असा हा आजार. पॅरिसमध्ये जाँ बेर्जे यांनी १९६८ साली तो पहिल्यांदा ओळखला. मला दुखलंखुपलं काहीच नव्हतं. लघवीला फेस यायचा आणि बादलीभर पाणी ओतलं तरी तो पुरता जायचा नाही, एवढंच. चार वर्षांपूर्वी बायोप्सी झाली, नाव कळलं, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मिठाचा हात आखडला. पोटॅशियम जास्त म्हणून बेदाण्यावरही बंदी आली, ते मात्र फार जड गेलं. हळदीचा आणि बेदाण्याचा वास ज्या घराच्या भिंतींत मुरलाय, त्या घरात राहून मी खिरीतले बेदाणे वेचून बाजूला काढते.

जूनच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, १.६ होतं. म्हणजे मूत्रपिंडाचं काम शंभरातलं साधारण ३८. लघवीतून प्रथिनं जातच होती. डॉक्टर म्हणाले, "आता डापाग्लिफ्लोझिन सुरू करू. रोज सकाळी एक, दहा मिलिग्रॅम."

रात्री मुलाला फोन केला. तो पुण्यात असतो. नाव सांगितल्यावर दोन मिनिटं गप्प होता, शोधत असणार. मग म्हणाला, "आई, ही तर डायबेटिसची गोळी आहे. तुला कुठे डायबेटिस आहे?"

माझाही पहिला प्रश्न तोच होता. मग मी वाचायला बसले. या औषधांचं मूळ सफरचंदाच्या झाडात आहे. १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा केला. पुढे १८८० च्या दशकात योझेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी तो कुत्र्यांना दिला, तर त्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. मूत्रपिंड एरवी गाळलेली साखर पुन्हा रक्तात ओढून घेतं. फ्लोरिझिन ते ओढणं थांबवतं. आजच्या गोळ्या त्याच कुळातल्या, जास्त नेमक्या. मधुमेहासाठी म्हणून त्या आल्या, आणि वापरात असताना दिसलं की साखरेपलीकडे त्या मूत्रपिंडालाही सांभाळतात. मला धीर देणारी एक गोष्ट याच वाचनात सापडली. काही माणसं जन्मतःच अशी असतात की त्यांची ही ओढून घेणारी यंत्रणा काम करत नाही. आयुष्यभर त्यांच्या लघवीतून साखर जाते आणि बहुतेक जण त्याच्यासह धडधाकट जगतात.

गोळी मूत्रपिंडाला कशी सांभाळते, ते मी शाळेच्या हिशेबानं समजून घेतलं. पंधरा शिक्षकांपैकी सहा जण रजेवर गेले तर त्यांचे तास उरलेल्या नऊ जणांवर येतात. बाहेरून शाळा चालू दिसते. आत नऊ जणांचा घसा बसतो, मग त्यातलेही दोघे आजारी पडतात. माझ्या उरलेल्या गाळण्या हेच करत होत्या, जास्त दाबाखाली दुप्पट काम. गोळी आत येणाऱ्या रक्ताची धार थोडी आवळते, दाब उतरवते. तास कमी करते म्हणा.

आता तागडीकडे येते.

एका पारड्यात चाचणीचे आकडे होते. २०२० च्या सप्टेंबरात डापा-सीकेडी नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. ४३०४ रुग्ण, त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना माझ्यासारखाच मधुमेह नव्हता. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. साधारण २.४ वर्षांत खोट्या गोळीवाल्यांपैकी १४.५ टक्के लोकांच्या मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर किंवा त्याखाली आलं, मूत्रपिंड निकामी झालं, किंवा मूत्रपिंडामुळे वा हृदयामुळे ते गेले. गोळीवाल्यांत हे प्रमाण ९.२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधी थांबवली. योगायोग असा, की त्याच वर्षी ऑक्टोबरात भारतात या औषधाचं मूळ पेटंट संपलं, बऱ्याच कंपन्यांनी ते काढलं आणि किंमत उतरली. नाहीतर मी हा लेख लिहीत बसले नसते, किमतीपाशीच विषय मिटला असता.

हेच आकडे दुसऱ्या तऱ्हेनं मांडले तर, १९ जणांनी सव्वादोन-अडीच वर्षं गोळी घेतली तर एकाचं मोठं संकट टळतं. मी गणिताची बाई, तरी या १९ पाशी मी फार दिवस अडकून पडले. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकांवर आम्ही साधारण तेवढेच असतो. डोळ्यांसमोर तेच बाक यायचे. काठी घेऊन बसलेले आजोबा, मांडीवर फाइल धरलेला रिक्षावाला, कडेला मी. सगळ्यांनी रोज सकाळी गोळी घ्यायची. काहींवर तेवढ्या काळात असंही संकट येणार नव्हतं. दोघा-एकांवर घेऊनही येईल. आणि एकावर येणार होतं, ते येणार नाही. तो एक कोण, हे कुणाला कधीच कळणार नाही. त्याला स्वतःलासुद्धा नाही. त्याच्या आयुष्यात काहीतरी घडायचं राहील आणि तो आपला नेहमीसारखा बाजारात जाऊन भाजी घेऊन येईल.

दुसऱ्या पारड्यातल्या गोष्टी मात्र एकूण एक दिसणाऱ्या, नाव असणाऱ्या. मुलानं वाचून काढून यादीच पाठवली होती. शरीरातलं पाणी कमी होणं, चक्कर, लघवीच्या जागेचा संसर्ग. रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही शरीरात आम्लं साचणं, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस, ज्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ मध्ये दिला. आणि २०१८ मधला दुसरा इशारा, फूर्निये गँगरीनचा, गुप्तांगाभोवतालचं मांस सडवणारा संसर्ग. त्या शब्दाखाली मुलानं दोन रेघा मारल्या होत्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी तीच चाचणी पुन्हा उघडली आणि या दोन भयंकर शब्दांचे आकडे शोधले. गोळी घेणाऱ्या २१४९ लोकांत कीटोअ‍ॅसिडोसिस एकालाही झाला नव्हता. खोट्या गोळीवर दोघांना झाला होता. फूर्निये गँगरीन गोळीवाल्यांत शून्य, खोट्या गोळीवर एक. याचा अर्थ धोका नाही असा नाही. लाखो लोक घेतात तेव्हा विरळा गोष्टीही कुणाच्या तरी वाट्याला येतात, म्हणून तर ते इशारे दिले गेले. पण ज्यांनी माझी झोप उडवली ते शब्द माझ्या बाबतीत वजनाला फार हलके होते. पाणी कमी होण्याचा त्रास गोळीवर ५.९ टक्के आणि एरवी ४.२ टक्के. हा शब्द साधा, आणि खरा भार त्याचाच.

आणि मग पासंग. माझी तागडी आधीच एका बाजूला झुकलेली होती, कारण मी डायलिसिस जवळून पाहिलं आहे. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान आठवड्यातून तीनदा सांगलीला जात, प्रत्येक वेळी चार तास मशीनवर. त्यांच्या डाव्या हाताची शीर दोरखंडासारखी फुगलेली होती. एकदा ते म्हणाले, "हात लावून बघा बाई." मी बोटं टेकवली. कातडीखाली सतत थरथर होती, मांजर घशात गुरगुरतं तशी. उन्हाळ्यात त्यांना दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. तहान लागली की ते बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून बसायचे, तो विरघळेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. ती थरथर अजून माझ्या बोटांत आहे. मी कुठलाही आकडा वाचायला घेतला की तीच आधी पारड्यात जाऊन बसते. ती काढून टाकता येत नाही. पण ती तिथे आहे हे ओळखलं, तेव्हा मला कळलं की मी गोळी घेणारच होते. सगळं वाचन मी स्वतःला परवानगी द्यायला करत होते.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू ठरवलंयस ना? मग घे. मी आहे." गोळी सुरू झाली.

तीन आठवड्यांनी तपासणी होती. तासगावातल्याच लॅबमधून रिपोर्ट आणला आणि दारातच उघडला. क्रिएटिनिन १.८. काम ३८ वरून ३३. चार वर्षं मीठ मोजून, बेदाणे वेचून जे राखलं होतं, ते तीन आठवड्यांत पाचानं खाली. मी पायरीवरच बसले. जे वाचवायला घेतलं, तेच ते खातंय, असं वाटलं.

संध्याकाळी चिठ्ठी पुन्हा काढली. तिच्या मागे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पेनानं दोन रेघा काढून दिल्या होत्या. एक डावीकडून उजवीकडे सरळ उतरत गेलेली. दुसरी आधी एक पायरी खाली पडलेली आणि मग हळूहळू, जवळजवळ आडवी. पुढे कुठेतरी दोन्ही एकमेकींना छेदत होत्या. "सुरुवातीला ही खाली जाणार," ते म्हणाले होते, "तेव्हा घाबरून बंद करू नका." मी मान डोलावली होती. मान डोलावताना ऐकलेलं रिपोर्ट हातात असताना उपयोगी पडत नाही. चिठ्ठीवर रेघा काढून दिल्या होत्या म्हणून मी वाचले. कुणी डॉक्टर हे वाचत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की ही पायरी कागदावर काढून द्या. पेशंट ती घरी नेतो.

धार आवळली की गाळणं थोडं कमी होणारच, तास कमी केले की शिकवलेले धडे कमी भरणारच. त्या चाचणीतही गोळीवाल्यांचं काम पहिल्या दोन आठवड्यांत सरासरी चारानं उतरलं होतं. त्यानंतर मात्र ते वर्षाला १.७ नं उतरलं, आणि खोट्या गोळीवाल्यांचं ३.६ नं. मी वहीत मांडलं. डायलिसिसची भाषा साधारण दहाच्या आसपास सुरू होते. ३८ वरून वर्षाला ३.६ गेले तर आठ वर्षांच्या आत मी तिथे. चारानं पडून ३४ वरून वर्षाला १.७ गेले तर चौदा वर्षं. सरासरीचा आकडा माझ्या मूत्रपिंडाला बांधील नाही हे मला कळतं. तरी ६४ आणि ७० हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, क्रिएटिनिन तीस टक्क्यांहून जास्त वाढलं असतं तर काळजी केली असती.

इथवरचं सगळं आकड्यांत बसणारं होतं. खरी कसोटी शाळेत लागली.

आमच्या शाळेत बायकांसाठी एकच स्वच्छतागृह. किल्ली ऑफिसात खिळ्याला. ती घ्यायला मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरून जावं लागतं. नळाला पाणी असेलच असं नाही. त्यामुळे आम्ही सगळ्या बाया वर्षानुवर्षं एकच उपाय करत आलो, पाणी न पिण्याचा. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर पाच वाजता घरी. तीस वर्षांत या सवयीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. गोळीनं ती सवय उघडी पाडली. तिसऱ्या तासाला जावंच लागायचं. पाणी नाही प्यायलं तर फळ्याकडे वळताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. लघवी दाबून धरावी तर तिच्यात साखर उतरलेली, संसर्गाला आमंत्रणच.

गोळीच्या माहितीपत्रकात हे कुठेही लिहिलेलं नाही, की या गोळीला पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह लागतं. शेतात भांगलायला जाणाऱ्या बाईचं काय, बसच्या कंडक्टर बाईचं काय, हे मला तेव्हा सारखं वाटायचं. मी मुख्याध्यापकांकडे गेले. आवाज कापत होता, पण सांगितलं, "सर, मला मूत्रपिंडाचा आजार आहे. किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये राहील आणि आत पाण्याचा ड्रम भरलेला लागेल." ते काही बोलले नाहीत. सोमवारी निळा ड्रम आलेला होता. आता आम्ही पाचही जणी टेबलावर पाण्याची बाटली ठेवतो.

सहाव्या आठवड्यात खाज सुरू झाली. डॉक्टर म्हणाले होते, "थोडं इन्फेक्शन होऊ शकतं, स्वच्छता ठेवा." इन्फेक्शन म्हणजे लघवीला जळजळ, असं मी धरलं होतं. जळजळ नव्हती, म्हणून हे गोळीमुळे असेल हे डोक्यातच आलं नाही. साबण बदलला. कपडे उकळून घेतले. नऊ दिवस मी कुणाशी बोलले नाही, यांच्याशीसुद्धा नाही. दहाव्या दिवशी दवाखान्यात बीपी घेताना सिस्टरनं पट्टा सोडता सोडता हळू विचारलं, "ताई, खाली खाज सुटते का? पांढरं जातं का अंगावरून?" माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. बुरशी होती. साखर मिळाली की वाढते. सात दिवस मलम लावलं आणि गेली. गोळी बंद करावी लागली नाही.

इतका साधा त्रास. पण त्या नऊ दिवसांत दोनदा मी गोळी टाकून द्यायच्या बेतात होते. टाकली असती तर कारण कुणालाच कळलं नसतं, डॉक्टरांच्या कागदावर फक्त 'पेशंटनं औषध बंद केलं' एवढं आलं असतं. आपण फायदे-तोटे तोला म्हणतो, आणि तोट्यांची नावं अशा भाषेत सांगतो की जिच्या अंगावर ते येणार तिला ती ओळखूच येत नाहीत. खाज, पांढरं जाणं, हे आपल्या घरातले शब्द आहेत. सिस्टरला माहीत होते.

भाद्रपदात हरतालिका आली. लग्न झाल्यापासून मी ती निर्जळी धरत आले. कीटोअ‍ॅसिडोसिसचा धोका उपाशीपोटी आणि पाण्यावाचून वाढतो, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की उलटी-जुलाब झाले, जेवणच गेलं नाही, तर ही गोळी थांबवायची आणि लगेच कळवायचं. ऑपरेशन ठरलं तर निदान तीन दिवस आधी बंद. एकादशीला पाणी पीत, वेळेवर फराळ करत असाल तर चालेल. "पण तुमच्या मूत्रपिंडाला पाण्यावाचून एक दिवससुद्धा नको. गोळी असो वा नसो."

सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. मी त्यांना आई म्हणते. त्यांना हे सांगायचं मला जिवावर आलं होतं, कारण या व्रताचं सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले. वाळूची पिंड कशी थापायची, पत्री कुठली, सगळं. पूजा झाल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, यंदा मला पाणी प्यावं लागेल." त्या काही वेळ पिंडीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, माठातून तांब्या भरून आणला, आणि त्यातलं थोडं आधी पिंडीवर घातलं. उरलेला माझ्या हातात दिला. "आता प्रसाद म्हणून पी," म्हणाल्या.

डिसेंबरच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.७ आहे. लघवीतली प्रथिनं साडेआठशेवरून सहाशेच्या आसपास आली. फेस कमी झालाय, तो मी रोज बघते. हे गोळीमुळे, थंडीमुळे की पाणी प्यायला लागल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही.

त्या दिवशी बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती, तिशीची असेल. आतून आली तेव्हा हातात चिठ्ठी होती आणि चेहरा उतरलेला. चिठ्ठीवरचं नाव मला लांबूनच ओळखू आलं. ती फोनवर शोधायला लागली होती. मी म्हटलं, "अगं, मी सहा महिने घेतेय ही." तिनं फोन खाली ठेवला. "त्रास होतो का काही?" मी इकडेतिकडे पाहिलं. काठीवाले आजोबा, रिक्षावाला, सगळे होते. मी आवाज लहान केला नाही. "खाली खाज सुटू शकते. सुटली तर लगेच सिस्टरला सांग, मलमानं जाते. कामावर स्वच्छतागृह आहे का तुझ्या?"

ती बघतच राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, "आहे. पण पाणी नसतं."

"बस इथे," मी म्हटलं आणि पिशवी उचलून तिला जागा केली.